बायेस पाणी लागले

‘तुमच्या कामातले अभिमानाचे प्रसंग लिहा,’ असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा मी वही घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत वहीत दोन प्रसंग जमले आणि त्यातल्या एकात मी एका सज्जन माणसाला बैलाचा वंशज ठरवला होता. आमच्या हिने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “अभिमानाचा नाय गावना तर फजितीचा लिवा. ता भरपूर आसा.” बायकोचा सल्ला मी सहसा मानत नाही, पण या वेळी दुसरा इलाज नव्हता.

मी मोडी वाचतो. तालुक्याच्या एका कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झालो आणि महिन्याभरात कणकवलीत जाऊन कार्डं छापून आणली. त्यावर नावाखाली ‘मोडी लिपी तज्ज्ञ’ असं होतं. ‘तज्ज्ञ’ हा शब्द छापखानेवाल्याने ‘तज्ञ’ असा छापला होता. तो मला दोन वर्षं दिसला नाही. यावरून माझ्या वाचनाची कल्पना यावी.

मोडी म्हणजे काय ते सांगतो. बोरू न उचलता भराभर लिहायची ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घ नाही, अनुस्वार बहुधा नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही. डोक्यावरची रेघ आधी सरळ मारून घ्यायची आणि खाली अक्षरं टांगत जायची. कुठे शब्द संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे अर्धं काम लिहिणाऱ्याचं आणि अर्धं वाचणाऱ्याचं, आणि माझ्यासारखा वाचणारा असला तर लिहिणाऱ्याला फारसं काही उरत नाही.

लोक येत ते आपापल्या आशा घेऊन. एक गृहस्थ पितळी नळीत जपलेला कागद घेऊन आले. आजोबांनी मरताना तो उशाखालून काढून दिला होता. त्यात पुरलेल्या हंड्याची जागा असणार, याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. दार लावून घ्या म्हणाले. मी दार लावलं आणि वाचून दाखवलं: गाईचं पोट फुगलं तर ओवा, हिंग आणि ताक किती पाजावं. गृहस्थ ‘कुठली गाय ते लिवला आसा काय?’ म्हणून विचारू लागले.

पण मला लिहायचं आहे ते विठूच्या वहीबद्दल.

दोन हजार चार सालच्या शिमग्यानंतर सावित्रीकाकी गावडे माझ्याकडे आल्या. मालवणपासून आत, भातशेतीच्या गावातली एक वाडी, तिथल्या त्या. वय पंच्याहत्तरीचं, एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला. बरोबर मुलगा बबन. तो कणकवलीत पंप आणि मोटारी विकणाऱ्या दुकानात होता, आणि आईच्या हट्टापायी सुट्टी फुकट गेल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

काकींनी पदराखालून लाल कापडात बांधलेली आडवी, लांबट वही काढली. घराची कौलं बदलताना माळ्यावरच्या पेटीतून ती खाली आणली होती. घरात सगळे तिला पोथी समजत. दसऱ्याला कोयता-नांगराबरोबर तिचीही पूजा होई, त्यामुळे पहिली पानं हळदकुंकवाने रंगली होती. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि पोथीचं पहिलं वाक्य वाचलं: “आज खालच्या कुणग्यात शेण घातले.” कुणगा म्हणजे भाताचा वाफा.

बबन हसला. काकी हसल्या नाहीत. “खरा लिवल्यान,” म्हणाल्या.

लिहिणारा विठू हा काकींच्या नवऱ्याचा खापरपणजा. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत तो खोताकडे शेतावर गडी होता. खोताच्या ओटीवर शाळामास्तर मुलांना धुळाक्षरं गिरवायला लावी, तेव्हा हा अंगण सारवता सारवता शिकला असं काकींनी सासूकडून ऐकलेलं. गड्याने मोडीत रोजनिशी लिहावी हे मी सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पाटील-खोतांचे कागद ढिगाने मिळतात. गडी त्या कागदात असतो तो ‘गडी असामी चार’ एवढाच. इथे चारातला एक स्वतः बोलत होता. मी चष्मा पुन्हा पुसला.

“माका सगळा नको,” काकी म्हणाल्या. “माका एक नाव होया.”

मग त्यांनी सांगितलं. भाद्रपदात त्यांच्या घरी म्हाळ असतो. पितरांची पानं ओटीवर नावं घेऊन वाढतात. पण एक पान मागच्या दारी, उंबऱ्याबाहेर वाढायचं, ते कोणाचं नाव न घेता. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने सांगितलं होतं, “घरातल्या एका चेडवाचा पान आसा. नाव आमका म्हायत नाय. पण चुकव नको.” चेडू म्हणजे मुलगी. काकींनी साठ वर्षं चुकवलं नव्हतं. आता स्वयंपाक सुनेच्या, सुनीताच्या, हातात द्यायचा होता, आणि बबनने स्पष्ट सांगितलं होतं की नाव नाही, गाव नाही, असलं पान यापुढे वाढायचं नाही.

“माझा म्हणणा चुकीचा आसा काय, तात्यानू?” बबनने मलाच विचारलं. “कोणाक वाढतो ताच म्हायत नाय.”

“नाव गावला तर वाढशीत मां?” काकी त्याला म्हणाल्या. तो हो म्हणाला.

“काकी, भियां नकात,” मी म्हणालो. “वहीत आसात तितकी माणसा मी हुडकून काढतंय.” हे वाक्य मी कार्ड त्यांच्या हातात देत म्हणालो. काकींना वाचता येत नव्हतं, हे त्यांनी कार्ड उलटं धरल्यावर माझ्या ध्यानात आलं.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, “आमचो विठू मूळ हयसरचो न्हय. तेरेखोलाच्या पलयाडसून, गोव्याच्या बाजूसून इलो.” मी मान हलवली आणि ते लिहून घेतलं नाही.

माणसं हुडकायची म्हणजे काय करायचं? वहीत येणारं प्रत्येक नाव वेगळ्या कागदावर उतरवायचं, गावातल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहायचं, घराघरांत जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे सोयरूचा भिवा, भिवाचा सोयरू, सोयरूचा पुन्हा भिवा. शिवाय घरात कोणी कोणाला खऱ्या नावाने हाक मारीत नाही. बाबी, बाबल्या, बाळा, बाबू. एका वाडीत मला सहा बाबी मिळाले, त्यातल्या दोन बाया होत्या. ‘वयलो’ म्हणजे वरच्या घरातला, ‘सकयलो’ म्हणजे खालच्या घरातला. विठू लिहितो, ‘वयल्याने सकयल्यास मारले.’ आता घरं पडली, नवी उठली, वरचं कुठलं आणि खालचं कुठलं?

आमची ही म्हणे, “तुमका जित्या माणसांची नावा आठवनत नाय. कालच्या लग्नात माझ्या सख्ख्या भावाक ‘आपण कोण?’ म्हणून विचारलात. मेलेल्यांची खंयसून हुडकतालात?”

तरी चार महिन्यांत मी चौदा माणसांची यादी केली. त्यातला एक होता पवळ्या. वहीत तो जवळजवळ रोज होता. ‘पवळ्या आज रुसला.’ ‘पवळ्या पहाटे उठला, मग मी.’ ‘पवळ्याइतका समजूतदार कोणी नाही.’ मी निष्कर्ष काढला: हा विठूचा जिवलग मित्र, आणि नावावरून पालवांच्या घराण्यातला. शेजारच्या वाडीत दाजी पालव राहत, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना घराण्याचा मोठा शौक. मी सांगितल्यावर त्यांनी वंशवृक्ष रंगवून घेतला, सगळ्यात खाली बुंध्यापाशी ‘मूळ पुरुष पवळ्या’ असं लिहून घेतलं, आणि काच लावून ओटीवर टांगला.

पुढे वहीची दोन चिकटलेली पानं मी चहाच्या वाफेवर धरून सोडवली. आत लिहिलं होतं: ‘पवळ्याचे डावे शिंग मोडले.’

मी तीन दिवस जेवलो नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. जेवलो. पण चौथ्या दिवशी दाजींकडे गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दाजी वंशवृक्षाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “रवांदे तात्या. आमच्या घराण्यात कामाचो असो तो एकटोच.” ती चौकट अजून तिथे आहे. मी त्या रस्त्याने जायचं टाळतो.

या फजितीनंतरही मी सावध झालो नाही, कारण माझ्याजवळ ‘बाय’ होती.

चौदांच्या यादीतलं शेवटचं नाव ते. बाय म्हणजे घरातली मुलगी, लाडाची हाक. काकींचं चेडू ते हेच, याबद्दल माझ्या मनात संशय नव्हता. वहीतल्या तिच्या ओळी अशा होत्या:

‘बायेस पाणी लागले.’ ‘बाय बांधली.’ ‘बायेस दात आला.’ ‘बाय उभी राहिली.’ ‘बाय आटली.’ ‘बाय येत गेली.’ ‘बाय बुजवली.’

आणि त्यानंतर बाय नाही.

यावरून मी जी कहाणी रचली ती आठवली की आजही कान गरम होतात. बाय ही तरुण मुलगी, परगावाहून आलेली. तिला इथलं पाणी बाधलं. त्यातून वेड लागलं, म्हणून तिला दाव्याने बांधून ठेवली. दात आला म्हणजे अक्कलदाढ. म्हणून ती वयात आलेली असणार, असं मी समासात लिहिलं. मग ती झुरून आटली. तरीही उठून विठूकडे येत राहिली, आणि शेवटी कोणीतरी तिला बुजवली, म्हणजे भेदरवली, आणि त्यात तिचा अंत झाला. ‘येत गेली’ या ओळीत एक ‘बा’ जास्तीचा होता. लिहिताना हात अडखळला असेल असं मी ठरवलं आणि त्या अक्षराभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवलं. तज्ज्ञ असंच करतात.

हे सगळं मी काकींना जाऊन सांगितलं. नाव अजून मिळालं नाही, पण हकीकत मिळाली, असं म्हणालो. काकींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी निघताना मात्र त्यांनी विचारलं, “बांधलेली? आमच्या विठून?” साठ वर्षं जिला जेवू घातलं तिला आपल्याच घरच्यांनी गुरासारखी बांधली होती, हे त्या म्हातारीच्या डोक्यात मी घालून आलो. सुनीताने नंतर सांगितलं की त्या वर्षीच्या म्हाळाला सासूबाईंनी पान वाढलं आणि तिथेच बसून रडल्या. हे माझं काम.

पुढच्या वर्षी श्रावणात दोडामार्गाच्या पलीकडे, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या गावात, हिच्या लांबच्या नात्यात बारशाला गेलो. बस अलीकडेच थांबलेली, पुढे चिखलातून चालत आलेलो, पाय घोट्यापर्यंत माखलेले. घरच्या बाईंना म्हटलं, पाय धुवायचेत. त्या आतूनच म्हणाल्या, “बांय मागल्यादारी आसा.”

मी मागल्या दारी गेलो. कोणी मुलगी दिसली नाही. तांब्या घेऊन येत असेल म्हणून उभा राहिलो. समोर विहीर होती, कडेला रहाट, पोहरा. पण मुलीने पाणी आणून द्यायचं म्हटल्यावर आपणच काढणं बरं दिसत नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हलकेच हाक मारली, “बाय गो!” शेवटी घरच्या बाई शोधत बाहेर आल्या. “काय झाला? बांय दिसूक ना?” आणि त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

आम्ही मालवणचे लोक विहिरीला ‘बाव’ म्हणतो. त्या बाजूला ‘बांय’ म्हणतात. मोडीत अनुस्वार लिहीत नाहीत. आणि विठू तेरेखोलाच्या पलीकडून आला होता, जे मला सांगितलं होतं आणि मी लिहून घेतलं नव्हतं.

चिखलाच्या पायांनी मी तिथेच कठड्यावर बसलो. विहिरीला पाणी लागलं. विहीर बांधली. विहीर आटली. विहीर बुजवली. एका धडधाकट विहिरीला मी वेडी करून दाव्याला बांधलं होतं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी वही घेऊन काकींच्या वाडीवर गेलो. बबन घरी होता. काकी ओटीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं कबूल केलं. कोणाला बांधली नाही, कोणी वेडी नव्हती, ही सगळी विहिरीची हकीकत.

काकींच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. “बांधूक नाय मां? देवा म्हाराजा!” मग हात सुपावरच थांबला. “म्हणजे चेडूच नाय?”

“नाय, काकी.”

“मगे मी साठ वर्सा कोणाक वाढलंय?”

“बावीक,” बबन म्हणाला. वाईट मनाने नाही. त्याला वाटलं, सुटलो एकदाचे. “आये, आता सोड तां पान.”

काकींनी सूप बाजूला ठेवलं. “तात्यानू, माका परत वाचून दाखवा. एकेक.”

मी वाचू लागलो. ‘बायेस पाणी लागले.’ “ही बाव,” काकी म्हणाल्या. ‘बाय बांधली.’ “बाव.” ‘बायेस दात आला.’

काकी थांबल्या. “बावीक दात?”

“बांधकामातून पुढे आलेल्या दगडाला दात म्हणत असतील,” मी समजावलं. ही नवी उपपत्ती मी येताना बसमध्ये तयार केली होती.

“तुमी नातवंडा खेळवलात काय कधी?” काकी म्हणाल्या. “फुडे?”

“बाय उभी राहिली.”

“दात इलो, मगे उबी रवली,” काकी हळू म्हणाल्या. “ह्यां चेडूच.”

मी मान वर केली. एक विहीर आणि एक मुलगी. लिहिणाऱ्याला फरक माहीत होता. तो कशाला वेगळं लिहील? ‘बाय आटली,’ मी वाचलं. “बाव. चैतात आटता,” काकी म्हणाल्या. ‘बाय येत गेली.’

“कोण येत गेली?”

“पावसाचं पाणी येत गेलं असेल,” मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच खात्रीचा वाटला नाही.

काकी वहीवर वाकल्या. अक्षर एक कळत नव्हतं, पण बरा असलेला डोळा त्यांनी कागदाजवळ नेला आणि बोट ठेवलं. “ह्या अक्षराक वय कित्याक घातलात?”

वय म्हणजे कुंपण. माझं पेन्सिलीचं वर्तुळ.

“तां जास्तीचा आसा, काकी. चुकान पडला.”

“विठू चुकलो?” काकी म्हणाल्या. “वय काडा आणि वाचा.”

मी मनातल्या मनात वय काढली आणि वाचलं. बाय बायेत गेली.

पुढची ओळ मी न विचारताच वाचली. ‘बाय बुजवली.’ त्यापुढच्या पानावर, जे मी शंभरदा वाचलं होतं आणि ज्यात मला काही विशेष दिसलं नव्हतं, विठूने लिहिलं होतं: ‘आता पाणी ओहळावरून आणतो. पवळ्यास लांब पडते.’ नुसती आटली म्हणून त्याने विहीर बुजवली नसती. त्या ओळीवरची तिथी आषाढाची होती; भरलेली विहीर त्याने बुजवली होती.

बबन उठून मागच्या दाराशी गेला. उंबऱ्यापलीकडे, जिथे पान वाढत, तिथली जमीन थोडी खचलेली होती. त्या जागी कोणी कधी काही बांधलं नव्हतं की लावलं नव्हतं. का, ते कोणालाच सांगता आलं नसतं. वाकून त्याने त्या खळग्याची कड हाताने चाचपली. पंप आणि मोटारी विकताना विहिरींचे कठडे पाहण्यातच त्याचा दिवस जायचा.

“काकी, नाव मात्र मिळालं नाही,” मी म्हणालो. “विठूने नाव लिहिलंच नाही.”

“लिवल्यान तर,” काकी म्हणाल्या. “बाय. घरात त्येका बाय म्हणत. बापूस आणखी काय म्हणतलो?”

दीड वर्षं मी जे नाव हुडकत होतो ते यादी केली तेव्हापासून तिच्यात चौदावं होतं. मी खिशातून खोडरबर काढला आणि ते वर्तुळ पुसलं. कागद जुना होता, जपून पुसावं लागलं. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं काळजीपूर्वक केलेलं काम मला दुसरं आठवत नाही.

त्या भाद्रपदात काकींनी मला म्हाळाला बोलावलं. वडे, काळ्या वाटाण्याचा सांबारा, खीर. ओटीवरची पानं झाली. मागच्या दारी पान घेऊन सुनीता निघाली, बबन पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यामागे. काकींनी तिला अडवलं आणि पानातले वडे उचलून घेतले, सांबारा काढून टाकायला लावला. स्वतः आत गेल्या आणि वाटीत दूधभात कालवून आणला, बोटाने मऊ करून.

“साठ वर्सा पोराक तिखट वाढलंय,” त्या म्हणाल्या. “एक दात होतो त्येका.”

आणि मग उंबऱ्यावर बसून त्यांनी हाक मारली, “बाय गो, ये. जेवक ये.”